पाचवा आकडा

अकरा वर्षं, सुट्ट्या सोडून रोज संध्याकाळी साडेपाच वाजता, मी इंदूबाईंना अंबाडा सोडायला लावला. माझी नोकरीच ती होती. खालापूरच्या पुढे, हमरस्त्यापासून थोडा आत, पितळेचा एक कारखाना आहे. त्याच्या गेटावर बायकांची झडती घ्यायला ठेकेदाराने मला ठेवलं होतं. निळा शर्ट, कमरेला पट्टा आणि हातात ते काळं यंत्र, धातूजवळ नेलं की टीं करून ओरडणारं. त्याला आम्ही पिपाणी म्हणायचो.

गॅसच्या शेगडीत जे नोझल बसतं ते या कारखान्यात तयार होतं. बोटाच्या पेराहून लहान, पण पितळ असल्यामुळे भंगारवाल्याकडे त्याला मान. मी यायच्या आधी एका बाईच्या वेणीत अशी नोझलं सापडली होती. तेव्हापासून साहेबांचं फर्मान निघालं की पिपाणी केसांपाशी वाजली तर केस मोकळे करून दाखवायचे. आठ दिवसांत सगळ्या बायकांनी लोखंडी पिना फेकल्या आणि प्लास्टिकचे क्लचर लावले. पिपाणी गप्प झाली. बायका पटापट गेट ओलांडून बसमध्ये खिडकीची जागा धरू लागल्या. राहिल्या त्या एकट्या इंदूबाई.

त्यांच्या अंबाड्यात पाच आकडे असायचे. अंबाडा जागेवर राहावा म्हणून खोचतात ते तारेचे आकडे. हल्ली सगळे त्यांना सरसकट पिना म्हणतात. इंदूबाईंचे आकडे दुकानातले नव्हते. त्यांचे यजमान मालोजी यांचं दहिवलीत सायकल दुरुस्तीचं दुकान. बायकोचे केस इतके दाट की बाजारचा आकडा दोन दिवसांत वाकायचा. मग मालोजींनी सायकलच्या चाकाच्या तारा कापल्या, वाकवल्या, टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली आणि पाच आकडे तिच्या हातात ठेवले. पक्की पोलादी तार. पिपाणी ती लांबूनच ओळखायची.

पहिल्या आठवड्यात मी भलेपणाने सांगायला गेले, “काकी, क्लचर लावा की. रोजची कटकट मिटेल.”

“मी चोर हाय का गं?”

“तसं कुठं म्हटलं मी?”

“मग मी का बदलू? संशय तुमाला, आन आकडे मी टाकू? सोडते मी अंबाडा. बघ तू पोटभर.”

आणि त्यांनी सोडला. केस गुडघ्याच्या जरा वरपर्यंत आले. पाची आकडे माझ्या टेबलावर एका ओळीत मांडले, केस दोनदा झटकले, आणि मग तिथेच, रांग अडवून, सावकाश पुन्हा अंबाडा घालायला लागल्या. बाहेर जाऊन घाला म्हटलं तर म्हणाल्या, “हितं सोडायला लावलास, हितंच घालनार.” बसचा ड्रायव्हर पोशा हॉर्न मारायला लागला, तर गेटातून ओरडल्या, “वाजव रं, वाजव! तुजी बी पिपानी!”

शेवटी एकेक आकडा उचलून मोजून खोचायच्या. “येक, दोन, तीन, चार, पाच. बरोबर. येखादा तुज्याकडं तर ऱ्हायला नाय ना गं?” मागच्या बायका खी खी करायच्या. “तू माजी झडती घेतलीस, मी तुजी घेतली. फिटांफिट. आता लिही.”

लिहायचा नियमच होता. पिपाणी वाजली की वहीत नाव, कारण आणि शेरा. मी लिहायचे: इंदूबाई. आकडे ५. बरोबर.

बाई अशी का होती हे मला कळायला वेळ लागला. माहेर पोशीरचं, भाताच्या खाचरात वाढलेली. लग्न होऊन दहिवलीत आली. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, मालोजींच्या दुकानात पंक्चर काढायलाही कुणी येईना, तेव्हा चौतिसाव्या वर्षी ही कारखान्यात लागली. काम तपासणीचं. दिव्यासमोर नोझल धरायचं आणि त्याच्या बारीक भोकातून पलीकडचा उजेड सरळ येतो का ते बघायचं. त्यांच्या हातून गेलेला माल कुणी परत पाठवल्याचं कारखान्यात कुणाला आठवत नाही.

जेवणघरात पाण्याच्या टाकीला स्टीलचा एक पेला साखळीने बांधलेला असे. इंदूबाईंनी चोवीस वर्षांत त्या पेल्याला तोंड लावलं नाही. घरून बाटली आणायच्या, एप्रिल-मे महिन्यात दोन. मी विचारलं तर म्हणाल्या, “पेला बांधलाय म्हंजे आमी चोर. चोराला पानी कशापायी पाजतात?” मला तेव्हा ही बाई नुसती हट्टी वाटली. आता मी कुठेही साखळीतला पेला दिसला की तहान दाबून पुढे जाते.

चोरांबद्दल मला थोडं बोललं पाहिजे, कारण अकरा वर्षं मी तेच केलं. सतरा बायका पकडल्या. पकडलेलं माणूस आधी “माझं नाही” म्हणतं. मग “सगळेच नेतात” म्हणतं. रडतं ते सर्वांत शेवटी, आणि ते रडणं लाजेचं कमी, संतापाचं जास्त असतं. भुकेने चोरणाऱ्या मला दोघीच भेटल्या. बाकी सगळ्या कशाने ना कशाने दुखावलेल्या होत्या. पुरुषांच्या बाजूला तर एक गाडीवाले साहेब हात धुवायचा साबण डब्यातून नेताना सापडले. वरच्या जागेवर त्यांच्या हाताखालचा माणूस बसवला होता, दुसरं काही नाही. साबणाने काय फरक पडणार होता, देव जाणे.

रिया म्हणून एक मुलगी होती. तिच्या पिशवीच्या अस्तरात अकरा नोझलं निघाली, सगळी टाकाऊ, भोक वाकडं असलेली. विकून चहासुद्धा आला नसता. मी दरडावून विचारलं तेव्हा म्हणाली, “तीन वर्षं झाली, मला कायम करत नाहीत. मी केलेलं काहीतरी माझ्या घरी असावं असं वाटलं.” घरी खिडकीत तिने त्यांची माळ करून लावली होती म्हणे. “त्याचा इथे काय संबंध?” म्हणून मी हसले आणि रिपोर्ट लिहिला. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला वाटायचं, हे सगळे बहाणे. राग कुणाला येत नाही? मला येत नाही का? मी चोरते का?

ही घमेंड मला नऊ वर्षं पुरली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, दुपारची वेळ. आमचा सुपरवायझर हर्षद, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, केबिनमध्ये येऊन म्हणाला, माझा कानाला लावायचा ब्लूटूथ गायब आहे. केबिनमध्ये मीच होते. “झिनतबाई, पर्स उघडा.” मला वाटलं चेष्टा करतोय. तो चेष्टा करत नव्हता. बाहेर दोन टेंपोवाले माल उतरवायची वाट बघत उभे होते, त्यांच्यासमोर मी पर्स टेबलावर उलटी केली. रुमाल, गोळ्यांची पट्टी, बसचा पास, आणि बायकांच्या पर्समध्ये असतं ते एक पाकीट, जे हर्षदने दोन बोटांनी बाजूला सारलं. मग म्हणाला, डबा. मी डबा उघडला. त्यात बोंबलाचं कालवण होतं. त्याने नाक मुरडून झाकण लावायची खूण केली.

तासाभराने ब्लूटूथ त्याच्याच गाडीच्या डिकीत सापडला. “सापडला बरं का,” असं म्हणून तो चहाला गेला. बस एवढंच. मी पर्स भरत बसले. मला रडू आलं नाही. कुणाचं तरी काहीतरी मोडावंसं वाटत होतं.

मग साडेपाच वाजले. पिपाणी वाजली. इंदूबाईंनी पाच आकडे ओळीत मांडले, केस झटकले, अंबाडा घालायला हात मागे नेले. आज त्या काय म्हणणार हे मला माहीत होतं. येखादा तुज्याकडं तर ऱ्हायला नाय ना गं. नऊ वर्षं ऐकलेलं वाक्य, पण त्या दिवशी ते ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. हर्षदने संशय घेतला, ही रोज घेते. सगळ्यांना मी चोरच दिसते ना? त्यांची पाठ वळली आणि माझ्या डाव्या हाताने शेवटचा आकडा वहीखाली सरकवला.

अगदी खरं सांगते, बरं वाटलं. छातीवरून दगड उतरला. बाईचा तोरा आज उतरणार, रांगेत सगळ्यांसमोर ती गोंधळणार, याचा आनंद झाला. पकडलेल्या सतराजणींपैकी एकीनेही मला हे कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

इंदूबाईंनी मोजायला सुरुवात केली. “येक. दोन. तीन. चार.” हात टेबलावर फिरला. रिकाम्या जागेवर थांबला. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“पाच,” त्या म्हणाल्या. “बरोबर. लिही.”

मी लिहिलं, आकडे ५, बरोबर. त्या दिवशी त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही. चार आकडे खोचून, एका बाजूला किंचित सैल झालेला अंबाडा घेऊन त्या बसकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी परत करायचा म्हणून मी आकडा शर्टाच्या खिशात पेनाजवळ ठेवला. साडेपाचला त्यांनी टेबलावर चारच मांडले. मोजले. “येक, दोन, तीन, चार. पाच. बरोबर. लिही.” तिसऱ्या दिवशीही तेच. महिना गेला, वर्ष गेलं. रोज चार आकडे, रोज “पाच”, रोज माझी खोटी नोंद. कधी वाटायचं, ही मला छळते आहे. कधी वाटायचं, खिशातून काढून फेकून मारावा आणि म्हणावं, घे बाई, चोर म्हण मला एकदाची. पण ती म्हणत नव्हती, आणि माझ्या तोंडून निघत नव्हतं. मालोजींकडून सहावा आकडा करून घेणं त्यांना अवघड नव्हतं. तेही त्यांनी केलं नाही.

यंदा मार्चअखेर इंदूबाई निवृत्त होणार होत्या. फेब्रुवारीत नोझलच्या खोक्यांत माल कमी भरतोय अशी तक्रार गिऱ्हाइकाकडून आली. नवे अधिकारी योगेंद्र साहेब चौकशीला बसले. वय तिशीचं, मुंबईच्या इंग्रजी शाळेत शिकलेले, स्वभावाने वाईट नाहीत, पण फाइलीत जे दिसतं तेच जगात असतं असा त्यांचा समज. त्यांनी गेटाच्या सगळ्या वह्या मागवल्या. आणि पानामागून पान त्यांना एकच नोंद दिसत गेली: इंदूबाई. आकडे ५. बरोबर.

आमच्याकडे आकडा म्हणजे अंबाड्यातला, आकडा म्हणजे मटक्याचा, आणि रस्त्यावरच्या तारेवर टाकून फुकट वीज ओढतात तोही आकडाच. योगेंद्र साहेबांना यातला एकही ठाऊक नव्हता. त्यांना आकडा म्हणजे संख्या. त्यांनी लावलेला अर्थ असा: रोज एकाच बाईच्या नावापुढे पाचचा आकडा आहे आणि गेटावरच्या बाईचं ‘बरोबर’ आहे. म्हणजे रोज पाच नग बाहेर जातात आणि दोघी सामील आहेत.

जेवणाच्या सुट्टीत आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. हर्षदही होता. साहेबांनी वही उघडून बोट ठेवलं. “हे पाच कशाचे?”

“साहेब, मटका घेत असेल ही,” हर्षद मधेच बोलला आणि स्वतःच हसला.

“केसांतले आकडे आहेत, साहेब,” मी म्हणाले. “काकींच्या अंबाड्यातले.”

“केसांत आकडे?” त्यांनी आळीपाळीने आमच्याकडे बघितलं. “पिना म्हणायचंय का तुम्हाला? माझी आई तर पिना म्हणते. आणि पिना रोज मोजून वहीत कशाला लिहिता?”

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऑफिसात सांगता येण्यासारखं नव्हतं. साहेबांनी इंदूबाईंकडे मोर्चा वळवला. “मावशी, काढून दाखवा इथे. पाच भरल्या की विषय संपला.”

पाच भरणार नव्हते. पाचवा माझ्या खिशात होता.

इंदूबाई खुर्चीवरून हलल्या नाहीत. “न्हाय.”

“म्हणजे?”

“झडती गेटावर हुते. साडेपाचला. हापिसात, गडीमानसांपुढं मी केस सोडनार नाय.”

“मावशी, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. तुमचे अडतीस दिवस राहिलेत. नाहीतर मला लिहून द्यावं लागेल की तुम्ही सहकार्य केलं नाही. मग शाल-नारळ सोडा, सर्टिफिकेटवरही तसंच येईल.”

“लिवा तुमी काय लिवायचं ते. चोवीस वर्सं डबा उघडून दावला, पिशवी दावली, केस दावले. आज तुमाला वाटलं म्हनून हितं? न्हाय. साडेपाचला या गेटावर. मोजा उभं राहून. तवर माज्या दिव्यासमोर माल पडलाय.” आणि उठून कामावर निघून गेल्या.

मला त्यांचा इतका राग आला, आणि त्यांचं इतकं कौतुकही वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. बाई चालत जाऊन खड्ड्यात उभी राहिली होती. साडेपाचला साहेब मोजणार, चार भरणार, वहीत दोन वर्षं पाच. बायकांची बस उभी असताना, चोवीस वर्षं कुणाच्या पेल्याला तोंड न लावलेल्या बाईवर चोरीचा शिक्का बसणार.

साडेपाचपर्यंत माझ्या डोक्यात एकच मार्ग घोळत होता, आणि तो फार सोपा होता. आकडा माझ्याजवळ आहे. टेबल माझं आहे. ज्या हाताने वहीखाली सरकवला त्याच हाताने वहीखालून परत सरकवायचा. पाच भरतील. साहेब तोंडघशी पडतील, इंदूबाई सुटतील, मीही सुटेन, आणि दोन वर्षांचा घोर कुणाला न कळता मिटेल. तीन वाजता मी पेन काढायच्या निमित्ताने आकडा तळहातात घेऊन सरावसुद्धा केला.

भोंगा झाला. योगेंद्र साहेब टेबलाच्या एका बाजूला, हर्षद दुसऱ्या बाजूला. रांगेत कुजबुज चाललेली. पोशाने हॉर्न मारला नाही. बसमधून उतरून तो गेटाशी येऊन उभा राहिला होता. इंदूबाई आल्या. पिपाणी वाजली. त्यांनी अंबाडा सोडला, केस झटकले, आणि आकडे टेबलावर मांडले. चार. साहेब वाकून बघू लागले. माझी डावी मूठ वहीपाशी होती, मुठीत पाचवा.

इंदूबाईंनी नेहमीच्याच चालीत मोजलं. “येक. दोन. तीन. चार.” मान वर करून माझ्याकडे बघितलं. “पाच. बरोबर. लिही.”

“चारच आहेत,” साहेब म्हणाले.

“पाच हायेत.”

“मावशी, मला दिसतंय ना. चार आहेत.”

“पाच हायेत,” त्या परत म्हणाल्या, साहेबांकडे न बघता. मला वाचवायला त्या खोटं बोलत होत्या का, तर नाही. बाई खरंच सांगत होती. तिचे आकडे पाच होते. कुठे आहेत, एवढंच ती सांगत नव्हती, आणि मी गप्प राहिले असते तर ते तिने कधीच सांगितलं नसतं.

माझी मूठ वहीखाली जायला निघालेली. ती तिथेच थांबली. गुपचूप सरकवणं म्हणजे पुन्हा एक चोरी झाली असती, आणि या खेपेला मी बाईचा हट्ट चोरला असता. मी हात टेबलाच्या मधोमध आणून उघडला. आकडा खणकन पडला.

“पाचवा माझ्याकडे होता,” मी म्हणाले. “दोन वर्षांपूर्वी मी चोरला. काकींना माहीत होतं. वहीत मी रोज खोटं लिहिलं. त्यांनी इथून एक सुईसुद्धा नेलेली नाही.”

साहेबांनी पाची आकडे हातात घेऊन एकमेकांशी ताडून बघितले आणि परत टेबलावर ठेवले. एकाच तारेचे, एकाच माणसाने घासलेले, हे आंधळ्यालाही कळलं असतं. “पण का?” त्यांनी मला विचारलं. खरंच समजून घ्यायचं होतं त्यांना. “ही काय चोरायची वस्तू आहे?”

मी हर्षदकडे बघितलं. “यांनी माझी पर्स उलटी केली होती, साहेब. टेंपोवाल्यांसमोर. त्या दिवशी.”

हर्षद म्हणाला, त्याचा इथे काय संबंध? मला रिया आठवली. मीही तिला हेच म्हणाले होते, असंच, याच आवाजात.

इंदूबाईंनी अंबाडा घातला. चार आकडे उचलून एकेक खोचले. पाचवा तिथेच राहू दिला. मग बाटली काखेला मारून बसकडे निघाल्या, आणि पोशा त्यांच्या पुढे पळत जाऊन दार उघडून उभा राहिला.

टेबलावरचा आकडा मी परत खिशात ठेवला. माझी नोकरी दुसऱ्या दिवशी गेली. तक्रार नाही. वर्दीतल्या बाईने चोरी केली, वहीत खोटं लिहिलं, मग काय आरती ओवाळणार होते? त्रास एवढ्याचाच होतो की चोरी झालीच नव्हती. खोक्यातला माल वजनावर मोजतात, तो वजनकाटा बिघडला होता. काटा खोटा दाखवतो हे इंदूबाईंनी दिवाळीतच सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. काटा दुरुस्त झाला, माल बरोबर भरू लागला. इंदूबाईंची माफी कुणी मागितली नाही. हर्षद अजून तिथेच आहे.

मार्चअखेरचा दिवस मी बघितला नाही. इंदूबाईंशेजारी बसणाऱ्या संजनाने फोनवर सांगितला. शाल-नारळ झाला, भाषणं झाली. साडेपाचला गेटावर नवी पोरगी होती. पिपाणी वाजली तशी ती ओशाळून म्हणाली, “राहू द्या काकी, आज शेवटचा दिवस.” इंदूबाई म्हणाल्या, “का गं? काल चोर हुते, आन आज शाल दिल्यावर न्हाय?” आणि हातातली शाल टेबलावर ठेवून अंबाडा सोडला. सगळ्यांसमोर मोजलं. येक, दोन, तीन, चार. “पाचवा झिनतकडं हाय. लिही, तसंच लिही.” त्या पोरीने तसंच लिहिलं.

मी आता कशेळ्यात असते. माझ्या भावाचं, तौकीरचं, बाजारात कटलरीचं छोटं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, फण्या, रिबिनी. वाड्यांवरच्या बायका जीपमधून उतरल्या की आधी आमच्याकडे येतात. मी कुणाच्या हातावर पाळत ठेवत नाही. तौकीर म्हणतो, तू एवढी गेटावर होतीस, लक्ष ठेव की. मी म्हणते, गिऱ्हाइकाला रोज चोर धरशील तर एक दिवस ते तुझं खरं करून दाखवेल.

मे महिन्यात एके सकाळी इंदूबाई आल्या. दहिवलीहून, जीपने, मालोजींना घेऊन. मालोजी बाहेर बाकावर टेकले. इंदूबाईंनी काचेखालच्या वस्तू बघितल्या, फण्या उलट्यासुलट्या केल्या. शेवटी मीच खिशातून आकडा काढून काचेवर ठेवला.

“काकी, घ्या आता.”

त्यांनी हात लावला नाही.

“तेव्हाच का नाही बोललात?” मी विचारलं. “चार म्हणाला असतात तर त्याच दिवशी मी सापडले असते.”

“चार म्हनले असते तर तुजी झडती झाली असती. सगळ्यांपुढं. हर्षदनं घेतली असती.” त्यांनी फणी खाली ठेवली. “त्याच दुपारी टेंपोवाला सांगत हुता मला, तुजी पर्स कशी वतली ते. येका दिवसात दोनदा? मला ते बघवलं नसतं गं.”

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. मी आकडा चोरायच्या आधीपासून. मला खूप रडू आलं, आणि या खेपेला त्यात संताप नव्हता.

“मग नवीन का नाही करून घेतला?” मी मालोजींकडे बघत म्हणाले.

मालोजी बाकावरूनच बोलले. “मी इचारलं ना हिला, येक कुटं गेला? म्हनाली, हरवला न्हाय, झिनतकडं हाय. मग नवा कशाला करायचा?”

“तर मग माफ केलंत म्हणा,” मी डोळे पुसत म्हणाले. “दिलात म्हणा मला.”

इंदूबाईंचा आवाज एकदम गेटावरचा झाला. “आजिबात नाय. म्या दिलेला नाय, तू चोरलेला हाय. तसाच ठेव. दिला म्हनलं की तुजी चोरी बी गेली आन माजे पाच बी गेले. कुनी इचारलं तर खरं सांग.”

त्यांनी एक फणी घेतली. मी पैसे नको म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने घेतले. मालोजींना उठवून त्या जीपकडे गेल्या. अंबाडा चारच आकड्यांवर होता, एका बाजूला किंचित सैल.

तो आकडा मी दुकानातल्या आरशाच्या चौकटीला खोचून ठेवला आहे. पोलादाची तार आहे, चकाकते. टिकली लावून बघायला आलेल्या बायकांचं लक्ष जातं, हात लावून बघतात, असे मजबूत आकडे हल्ली मिळत नाहीत म्हणतात, केवढ्याला दिला विचारतात.

“विकायचा नाही,” मी सांगते. “चोरीचा आहे. मी चोरलेला.”